बिल ब्रुफर्ड: येस-क्रिमसननंतर काय ऐकावं? (आणि तो स्नेअर!)

मात्रामोज्या: ड्रमर बिल ब्रुफर्ड ज्यांत वाजवतो ते येस बँडचे 'फ्रॅजाइल' (1971), 'क्लोज टू द एज' (1972) आणि किंग क्रिमसन बँडचा 'रेड' (1974) पाठ आहेत. ब्रुफर्डच्या स्वतःच्या अल्बमांत मात्र गोंधळ उडतो, कुठे सिंथ (सिंथेसायझर) तर कुठे निव्वळ जॅझ. क्रम सुचवा. शिवाय त्याचा तो टणटणीत स्नेअर (खाली तारा लावलेला ड्रम) घरच्या किटवर कसा मिळवायचा?

आडलय: सालवार जाऊ नका. आधी पॅट्रिक मोराझबरोबरचा 'म्युझिक फॉर पियानो अँड ड्रम्स' (1983) लावा. दोनच वाद्यं आहेत, त्यामुळे त्याचा हात लपत नाही. मग 'वन ऑफ अ काइंड' (1979). गिटारवर अ‍ॅलन होल्ड्सवर्थ, बासवर जेफ बर्लिन, कीबोर्डवर डेव्ह स्टुअर्ट (युरिथमिक्समधला नव्हे, नावामुळे बरेच जण फसतात). माझ्या मते त्याचं सर्वोत्तम काम हेच. 'फील्स गुड टू मी' (1978) त्यानंतर ऐका. अ‍ॅनेट पीकॉकचं गाणं रुळायला वेळ लागतो.

त्याच्या अर्थवर्क्स या जॅझ बँडचे दोन अवतार आहेत. 1987 च्या पहिल्या अल्बमात जँगो बेट्स (कीबोर्ड) आणि इयन बॅलमी (सॅक्सोफोन) आहेत, आणि ब्रुफर्ड सिमन्सच्या इलेक्ट्रॉनिक ड्रम पॅडवर चक्क कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) वाजवतो. 'अ पार्ट, अँड येट अपार्ट'पासून (1999) सगळा अकूस्टिक जॅझ. सिंथ नको असेल तर थेट इथे या, किंवा गिटारवादक राल्फ टाउनर आणि बासवादक एडी गोमेझबरोबरच्या 'इफ समर हॅड इट्स घोस्ट्स'कडे (1997).

समेवर: मध्ये क्रिमसनचा 'डिसिप्लिन' (1981) हवाच. क्रिमसनचा गिटारवादक फ्रिपने ब्रुफर्डला सिंबल (झांजा) टाळायला सांगितलं होतं. 'द शेल्टरिंग स्काय'मध्ये ब्रुफर्ड लाकडी स्लिट ड्रमवर (फटी पाडलेल्या पोकळ ड्रमवर) एकच बोल धरून ठेवतो, तो हेडफोनवर ऐका. 'फ्रेम बाय फ्रेम'मध्ये एका गिटारचं आवर्तन 14 मात्रांचं, दुसरीचं 13 चं. दर आवर्तनाला एका स्वराने सरकतात. दोन्ही एकदम मोजायला गेलात की चुकणारच. आधी 14 टाळीवर पक्के करा, मग दुसरीकडे कान द्या.

मात्रामोज्या: क्रिमसनच्याच 'स्टारलेस अँड बायबल ब्लॅक'मधल्या 'ट्रायो'त ड्रम ऐकूच येत नाहीत. रेकॉर्डिंग खराब आहे का?

समेवर: नाही, ब्रुफर्ड वाजवतच नाहीये. 1973 ला अ‍ॅमस्टरडॅमच्या मैफिलीत हे आयत्या वेळी सुचलेलं वादन चालू असताना तो छातीवर काठ्यांची फुली धरून बसून राहिला. त्या संयमाबद्दल रचनेच्या श्रेयात त्याचंही नाव घातलं गेलं.

ठोका14: आता स्नेअर. 14 इंची, शक्यतो धातूचा घ्या. आवाज दाबणारं जेल, टेप, रिंग सगळं काढा. हेड (ड्रमचं कातडं) ताणणारे सगळे रॉड बोटांनी आवळा, मग समोरासमोरच्या जोड्या करत ड्रम-कीचा (रॉड फिरवायच्या चावीचा) पाव-पाव फेरा द्या. खालचं हेड वरच्यापेक्षा ताणलेलं हवं. प्रत्येक लगपासून (रॉड जिथे बसतो तिथून) इंचभर आत टिचकी मारून सूर जुळवा. खालच्या हेडवरच्या तारा जेमतेम आवळा. जास्त आवळल्या की आवाज गुदमरतो.

बाकी सगळं रिमशॉटमध्ये आहे. काठीचं टोक मध्यावर नको, काठापासून तीनेक इंच आत पडू दे, आणि दांडा त्याच क्षणी रिमवर (ड्रमच्या कडेच्या कड्यावर) बसायला हवा. नुसतं 'टक्' आलं तर दांडा आधी लागतोय, 'धप्' आलं तर टोक. स्टँड बोटभर वर-खाली करून पाहा.

रिमशॉटने तुमच्या बाजूचे दोन रॉड ढिले होतात आणि सूर उतरतो. तेव्हा प्रत्येक बैठकीनंतर आधी तेच दोन तपासा.