मदत हवी आहे: काळ्या बेदाण्यातला खडा कॅमेऱ्याने कसा ओळखायचा?

नमस्कार मंडळी,

तासगावजवळ आमचं बेदाणा शेड आहे. माल निवडायला मावश्या बसतात. त्यांचा हात तयार आहे, पण काळ्या मालातला बारका खडा त्यांच्याही नजरेतून सुटतो आणि तो कुणा लहान मुलाच्या दाताखाली येऊ शकतो, हे मला सतत खटकतं. म्हणून माल वाहणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर कॅमेरा लावून रास्पबेरी पाय (छोटा, स्वस्त संगणक) आणि ओपनसीव्ही (चित्रं तपासणारी सॉफ्टवेअर लायब्ररी) वापरून प्रोग्रॅम लिहितोय.

हिरव्या-पिवळ्या मालाचं जमलंय. पट्टा अर्धपारदर्शक आहे. खालून पांढरा एलईडी दिला की दाणा मधासारखा उजळतो, आतल्या शिरासुद्धा दिसतात, खडा मात्र ठार काळा राहतो. ओत्सूच्या पद्धतीने थ्रेशोल्ड, म्हणजे उजळ आणि काळं वेगळं करणारी सीमा, आपोआप काढला की काम होतं. सुटी काडी लांबी-रुंदीच्या गुणोत्तरावरून सापडते.

अडलंय ते काळ्या मालात. खालून उजेड दिला तर दाणा आणि खडा दोन्ही काळेच, आकारही सारखाच.

पाणी ९७० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा (डोळ्याला न दिसणारा, अवरक्त) प्रकाश शोषतं, त्यावरून दाणा आणि खडा यांतला फरक मोजावा असा विचार आहे. पण बेदाण्यात पाणी असतं जेमतेम १५ टक्के. एवढ्यावर भागेल का? १४५० नॅनोमीटरला शोषण कितीतरी जास्त, पण तिथे साध्या कॅमेऱ्यातला सिलिकॉनचा सेन्सर आंधळा, आणि दुसऱ्या प्रकारचा कॅमेरा लाखांच्या घरात जातो. दुसरा विचार लेझरच्या रेघेचा: दाण्यावर प्रकाश गरात शिरून रेघ पसरते, खड्यावर ती धारदार राहते. कुणी करून पाहिलंय का?

प्रतिसाद १
पाण्याच्या मागे लागू नका. काळपट रंगद्रव्यं दृश्य प्रकाश खातात, अवरक्त भागात त्यांचं शोषण बरंच कमी होतं. त्यामुळे ८५० नॅनोमीटरचा एलईडी खालून दिलात तर काळा दाणाही उजळायला हवा. कॅमेरा आयआर फिल्टर (अवरक्त प्रकाश अडवणारी काच) नसलेला घ्या. लेझरची कल्पना बरोबर आहे, धान्य-सुकामेव्याच्या मोठ्या सॉर्टिंग मशीनमध्ये हेच तत्त्व वापरतात. पण अदृश्य लेझर माणसं बसतात तिथे उघडा अजिबात लावू नका, डोळ्याला कळायच्या आत इजा होते.

धागाकर्ता
मनापासून आभार! ८५० नॅनोमीटरची एलईडी पट्टी मागवतो. पट्टा चालू असताना चित्र पुसट येऊ नये म्हणून एलईडी सतत पेटता ठेवू की कॅमेऱ्याच्या शटरबरोबर फ्लॅश करू?