समुद्राच्या पाण्यात पडलेला फोन चालू होतो, पण चार्ज होत नाही

प्रश्न (सागरकाठ)

नमस्कार. गेल्या रविवारी तारकर्लीला होडीत चढताना माझा फोन खिशातून निसटून गुडघाभर पाण्यात पडला आणि वाळूत चाचपडून तो हाती लागेपर्यंत अर्धे-पाऊण मिनिट गेले. फोन तीन वर्षांपूर्वीचा अँड्रॉइड असून त्याच्या खोक्यावर आयपी६७ (धूळ व पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) असे छापलेले आहे, म्हणून मी काहीसा निर्धास्त होतो. लगेच बंद करून पुसला आणि घरी आल्यावर दोन दिवस तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला. मंगळवारी रात्री चालू केला तेव्हा स्क्रीन, टच, आवाज सगळे व्यवस्थित होते. चार्जर लावल्यावर मात्र पहिल्यांदा पोर्टमध्ये ओलावा असल्याची सूचना आली आणि त्यानंतर तीही येईनाशी झाली. केबल बदलली, चार्जर बदलला, पोर्टमध्ये हेअर ड्रायरची गरम हवाही मारली. टॉर्चच्या उजेडात पाहिले, तर पोर्टमधल्या पट्टीच्या एका कडेला हिरवट पूड जमलेली दिसते. फोन आता बंद करून ठेवला आहे. शेवटचे पाहिले तेव्हा बॅटरी १९ टक्के होती.

या फोनमध्ये माझ्या आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्यांची ६१ ध्वनिमुद्रणे आहेत. आजी मार्चमध्ये गेली आणि त्यांची प्रत मी दुसरीकडे कुठेही ठेवलेली नाही. फोन गेला तरी चालेल, पण त्या ओव्या वाचवण्यासाठी आधी काय करावे, हे कृपया सांगा.

उत्तर १ (मोबाइल दुरुस्ती, रत्नागिरी)

चार्जर यापुढे अजिबात लावू नका. आपल्याकडे उरलेले १९ टक्के चार्जिंग हीच या क्षणी सर्वांत मोलाची गोष्ट आहे आणि ते फक्त ओव्यांसाठी वापरायचे आहे. दुसरा फोन किंवा संगणक, वायफायचा पासवर्ड, ओव्या कोणत्या फोल्डरमध्ये आहेत, ही सगळी जुळवाजुळव आधी करा आणि मगच फोन चालू करा. चालू होताच स्क्रीनचा उजेड कमीत कमी ठेवा, सिमचे नेटवर्क बंद करा, फक्त वायफाय चालू ठेवा आणि केवळ ध्वनिमुद्रणे पाठवा. फोटो व व्हिडिओ यांच्या मोहात आत्ता पडू नका. आवाजाच्या फायली लहान असतात, त्यामुळे त्या थोडक्या वेळात जातील. केबल लावून फायली काढायच्या नाहीत, कारण बिघाड नेमका त्याच पोर्टमध्ये आहे.

आता कारण सांगतो. आयपी६७ ची चाचणी गोड्या पाण्यात, एक मीटर खोलीपर्यंत, ३० मिनिटांसाठी होते. समुद्राच्या पाण्याची हमी त्यात येत नाही आणि तीन वर्षांत फोनच्या कडेचा चिकट थरही सैल पडतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी वाळले तरी ते क्षार फोनच्या आतल्या सर्किट बोर्डवर तसेच राहतात, हवेतला दमटपणा ओढून घेतात आणि दोन पिनांमध्ये विजेला वाट करून देतात. फोन बंद केला तरी बॅटरी बोर्डाला जोडलेलीच असते, त्यामुळे गंजण्याची क्रिया थांबत नाही. तांदूळ या क्षारांचे काहीही करू शकत नाही. उलट त्याचे बारीक कण आत जाऊन नुकसान करू शकतात, म्हणून फोन तांदळात ठेवू नका असे ॲपलनेही आपल्या सूचनांमध्ये स्पष्ट लिहिले आहे. हेअर ड्रायरही नको. त्या उष्णतेने रबर व गोंद सैल होतात आणि ओल आणखी आत ढकलली जाते.

आपल्याला दिसलेली हिरवट पूड म्हणजे गंजलेले तांबे आहे. टाइप-सी पोर्टमध्ये वीज येण्याची पिन आणि चार्जर ओळखण्याची पिन शेजारीशेजारी असतात. त्यांच्यामध्ये क्षार साचले, तर चार्जर लावला आहे हेच फोनला कळत नाही. आपल्या फोनचे तसेच झाले असावे. तसे असेल तर बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये चार्जिंगचा सबबोर्ड (पोर्ट बसवलेला छोटा बोर्ड) वेगळा असल्यामुळे तो बदलता येतो आणि मुख्य बोर्डला हात लावावा लागत नाही. ओव्या निघाल्यावर त्याच दिवशी फोन उघडून घ्या. प्रथम बॅटरीचा कनेक्टर काढायचा, मग दोन्ही बोर्ड ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने धुवायचे, हा क्रम कारागिराला आवर्जून विचारा. नुसते पोर्ट साफ करून फोन परत देणाऱ्याकडे तो ठेवू नका.

उत्तर २ (पुणे)

मागच्या पावसाळ्यात माझा फोन भिजला तेव्हा वायरलेस चार्जिंगने तो पंधरा दिवस चालला होता. आपल्या फोनला ती सोय असेल, तर चार्ज वाढवून घेऊन निवांतपणे सगळेच काढता येईल, असे मला वाटते.

उत्तर १ चे प्रत्युत्तर

आपला फोन पावसाच्या पाण्याने भिजला होता, हा फरक महत्त्वाचा आहे. वायरलेस चार्जिंगमध्ये पोर्ट टाळले जाते, पण वीज शेवटी त्याच क्षार लागलेल्या मुख्य बोर्डावरून बॅटरीत जाते. आजीचा आवाज आत असताना मी हा धोका पत्करणार नाही.

प्रश्नकर्त्याकडून

काल संध्याकाळी आपण सांगितल्याप्रमाणे तयारी करून फोन चालू केला. ६१ पैकी ६१ ध्वनिमुद्रणे बहिणीच्या संगणकावर आली, तेव्हा बॅटरी १२ टक्क्यांवर होती. एकेक फाइल उघडून शेवटपर्यंत ऐकली. ओवी संपल्यावर जात्याची घरघर थांबते आणि आजी 'झालं का रे?' असे विचारते, तेही शाबूत आहे.

आज मालवणात फोन उघडून घेतला. सबबोर्डवरच्या माइकच्या रबराखाली रव्यासारखे मिठाचे कण होते आणि पोर्टच्या दोन पिना पूर्ण झिजलेल्या होत्या. मुख्य बोर्डवर एका पट्टीच्या कनेक्टरपाशी थोडा पांढरेपणा होता, तो धुऊन निघाला. सबबोर्ड बदलल्यावर फोन चार्ज होऊ लागला आहे. तो रोजच्या वापरासाठी ठेवावा का?

उत्तर १

ओव्या सुखरूप निघाल्या, हे वाचून फार बरे वाटले. फोन जरूर वापरा, पण महिनाभर रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नका आणि चार्ज होताना तो नेहमीपेक्षा जास्त तापतो का, हे हात लावून पाहत राहा. मागचे झाकण कडेने किंचित उचललेले दिसले, तर बॅटरी फुगली आहे असे समजून चार्जिंग लगेच थांबवा आणि ती बदलून घ्या. उघडल्यामुळे आयपी६७ चे संरक्षण आता उरलेले नाही, त्यामुळे पुढच्या वेळी होडीत चढताना तो बंद पिशवीतच ठेवा.