मदत हवी आहे: लाल चिनी फुलदाणीचा पांढरा काठ, रंग उडालाय की मुळातलाच?

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे सव्वा फूट उंचीची एक चिनी मातीची फुलदाणी आहे. आजोबा फोर्टातल्या एका पारशी पेढीवर कारकून होते. पेढी मिटली तेव्हा शेठाणीबाईंनी ती आजीला दिली. त्या घराण्याचा पूर्वी चीनशी व्यापार होता एवढंच आजी सांगायची.

खांद्यावर ती डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल आहे, आणि खाली उतरत रंग दाटत जाऊन बुडाशी कोकमाच्या आगळासारखा होतो. काठ मात्र पांढरा. बुडाखाली फिकट हिरवट ग्लेझ, म्हणजे भाजून काचेसारखा झालेला लेप, आणि त्यात केसासारख्या तड्यांची जाळी. शिक्का किंवा अक्षरं कुठेच नाहीत.

घर बदलताना माझ्या हातून काठाचा चिंचोक्याएवढा टवका उडाला. तो तुकडा कापसात जपून ठेवलाय. दुरुस्ती करणाऱ्या एका गृहस्थांना दाखवली, तर म्हणाले, "काठाचा रंगच उडालाय. टवका भरतो आणि काठही लाल करून देतो, नव्यासारखी दिसेल." माझं मन धजेना, तशीच परत आणली.

मग वाचायला लागले. हा लाल रंग तांब्याचा. भट्टी सुमारे १३०० अंशांवर असताना आतली हवा तोडून धुरकट जाळ ठेवला तर तांबं लाल होतं, हवा जास्त मिळाली तर हिरवं. चीनमधल्या जिंगदेझेनच्या कारागिरांना हा लाल श्वानदे सम्राटाच्या काळात (१४२६ ते १४३५) उत्तम साधला होता. पुढे ती हातोटी हरवली आणि कांग्शी सम्राटाच्या काळात परत मिळाली. लांग थिंगजी १७०५ ते १७१२ या काळात च्यांगशी प्रांताचे राज्यपाल होते, त्यांच्या नावावरून या लाल रंगाला 'लांगयाओ' म्हणतात. वितळलेलं ग्लेझ काठावरून खाली ओघळतं, काठावर थर पातळ उरतो आणि तिथला लाल जातो. म्हणजे पांढरा काठ भट्टीनेच दिलेला, बरोबर ना?

दोन गोष्टी सांगा. ही खरंच कांग्शीच्या काळातली की नंतरची? आणि टवक्याचं काय करू? विकायची नाही. आजी रोज तिच्यावरून पदर फिरवायची, तशीच ती राहावी एवढंच वाटतं.

प्रतिसाद १
काठाला रंग लावू देऊ नका, ताई. तुमचं बरोबर आहे, तो मुळातलाच आहे.

काळासाठी बुडाची कड बघा. चांगल्या लांगयाओत ओघळ बुडाच्या कडेशी येऊन थांबतो, खाली उतरत नाही. नंतरच्या पुष्कळ नगांत तो खाली उतरून भट्टीतल्या टेकणीला चिकटला आणि मग घासून काढावा लागला. कडेवरून बोट फिरवा, घासलेली जागा खरखरीत लागेल. हिरवट बूड कांग्शीच्या नगांत असतं खरं, पण १९व्या शतकापासून त्याच्याही नकला झाल्या. शिक्का नसणं लांगयाओत नेहमीचंच, त्यावरून काही ठरत नाही.

धागाकर्ती
आत्ताच बघितलं. तीन बाजूंनी कड गुळगुळीत आहे, चौथ्या बाजूला दोन बोटं रुंद जागा घासलेली लागते.

प्रतिसाद १
मग १९व्या शतकाचा उत्तरार्ध किंवा त्यानंतरची असण्याचा संभव जास्त. नुसत्या वर्णनावरून याहून पुढे जाणं बरं नाही, हातात घेऊनच बघावी लागेल.

प्रतिसाद २
छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातली चिनी भांडी आहेत, ती एकदा बघून या. संग्रहालयाच्या संवर्धन केंद्रातही विचारा. तुकडा घरी फेविक्विकने चिकटवू नका. पुढे परत सोडवता येईल अशाच गोंदाने तो बसवायला हवा. तोवर फुलदाणी काठाला धरून उचलू नका, एक हात बुडाखाली ठेवा.

धागाकर्ती
खूप आभार. शनिवारी तुकडा घेऊन जाते आणि काय म्हणाले ते इथेच लिहिते. काठ आहे तसाच राहील.