मतदानाआधीच होऊन गेलेली निवडणूक

पोफळीची_बाग
2022 च्या गोवा विधानसभा निवडणुकीचा हिशेब परवा पुन्हा चाळला. उमेदवाराला खर्चाची मर्यादा 28 लाख. चाळीसही जागा लढवल्या तरी 11 कोटी 20 लाख होतात. पक्षांनी निवडणूक आयोगाला दिलेल्या हिशेबात मात्र तृणमूलचा गोव्यातला खर्च 47 कोटींच्या वर आणि भाजपचा पावणेअठरा कोटी. यात नियम मोडलेला नाही, कारण पक्षाच्या एकंदर प्रचाराला मर्यादाच नाही.

पण माझा मुद्दा त्याच्याही आधीचा आहे. आपल्याकडे एका मतदारसंघात सरासरी तीस हजारांच्या आतबाहेर मतदार. ज्याला उभे राहायचे तो दोन वर्षे आधीपासून चवथीला माटोळीचे (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या छताचे) सामान वाटतो, भजनी मंडळाला पखवाज देतो, क्रिकेटचे चषक लावतो, जत्रेच्या नाटकाचा खर्च उचलतो. हे हिशेबात कुठेच येत नाही, कारण कायद्याने हिशेब सुरू होतो अर्ज भरल्या दिवसापासून. त्या दिवशी यादीत उरतात ते दोन वर्षे हा खर्च झेपलेलेच. आपण निवडतो त्यांच्यातून.

म्हापशाचा_शुक्रवार
हिशेब बरा मांडलात, पण निकाल सोडून दिलात. 47 कोटीवाल्या तृणमूलला जागा किती? शून्य. आम आदमी पक्षाने साडेतीन कोटींच्या आसपास खर्च केला आणि दोन जागा घेतल्या. सांत आंद्रेत रिव्होल्युशनरी गोवन्ससारख्या नव्या पक्षाचा उमेदवार 76 मतांनी निवडून आला. पैशाने निवडणूक विकत मिळत असती तर आज पणजीत तृणमूलचे सरकार असते. आमचा मतदार वही घेतो, पखवाजही घेतो आणि शिक्का मारायचा तिथेच मारतो. त्याला इतका भोळा समजू नका.

पोफळीची_बाग
मतदाराला भोळा कोण म्हणते? मी यादीबद्दल बोलतेय, तुम्ही निकालाबद्दल. तृणमूल हरली कारण तिचा पैसा शेवटच्या काही महिन्यांत आला, बॅनर घेऊन. इथे चालतो तो मुरलेला पैसा: ज्याने मुलाला नोकरी लावली, ज्याच्या गाडीतून आजी इस्पितळात गेली, त्याचा.

जुना_मास्तर
मग आपले पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर, त्यांचे काय करणार, बाय? खाणमालकच होते ना? 1963 च्या पहिल्या निवडणुकीत त्यांचा मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष) सत्तेवर आला तो भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, विरोधात; जमीन कसणारी कुळे आणि भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणारे मुंडकार यांच्या मतांवर. 1964 चा कूळ कायदा त्यांच्याच कारकिर्दीतला. पुढे त्यांची मुलगी शशिकलाताई काकोडकर यांच्या सरकारने 1976 मध्ये पाचवी दुरुस्ती आणून कुळाला मालक केले. खेडोपाडी मराठी शाळा निघाल्या, त्यातल्या एकीत मी शिकलो आणि दुसरीत शिकवले. श्रीमंत माणूस गरिबांच्या बाजूने उभा राहू शकतो. पैसा कुणाच्या खिशात आहे यापेक्षा तो माणूस कुणाला बांधलेला आहे ते बघावे.

मुंडकाराची_लेक
मास्तर, तुमच्याबद्दल आदर ठेवून सांगते. कायदा झाला, पण आमच्या घराचा मुंडकारपणाचा खटला माझ्या आईच्या हयातीत संपला नाही. तारीख पडायची, आई बस पकडून जायची, समोरचा वकील गैरहजर. पुढची तारीख. तेवढ्यात भाटकाराने भाट, म्हणजे ती जमीनच, बाहेरच्या एका कंपनीला विकले. आता समोर भाटकारसुद्धा नाही, मुखत्यारपत्रवाला कोणीतरी माणूस येतो. आमच्या बाजूने कायदा आहे, त्यांच्या बाजूने वेळ आहे. बांदोडकरांनी दिले ते खरेच. पण एका भल्या श्रीमंताच्या मनात आले म्हणून मिळाले, हे तुमच्याच बोलण्यातून निघते. त्यांच्यानंतर ज्यांच्या मनात आले नाही त्यांचे काय?

टिप्परवाला_डिचोली
खाणमालकांना नावे ठेवणे सोपे आहे. फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 लीजांचे (खाणपट्ट्यांचे) नूतनीकरण रद्द केले आणि मार्चपासून माझे दोन टिप्पर अंगणात उभे. हप्ते चालू. आम्ही हजारोंनी पणजीत उतरलो, लाठ्या खाल्ल्या. आम्ही काय श्रीमंत? ज्यांनी कोर्टात जाऊन खाणी बंद पाडल्या त्यांच्याकडे चांगले वकील होते. ती ताकद नव्हे? प्रभाव म्हणजे फक्त नोटा नव्हेत. इंग्रजी येणे, कोर्टाची वाट ठाऊक असणे हाही प्रभावच.

पोफळीची_बाग
हा मुद्दा मान्य, आणि टोचणाराही. फक्त एक विचारते, रागावू नका. तुम्ही रस्त्यावर होता तेव्हा लीजधारक कुठे होते? मोर्च्यात तुमचे टिप्पर दिसतात, नुकसान तुमचे सांगितले जाते, आणि खाणी सुरू झाल्या की दर टनामागे तुमच्या वाट्याला काय यायचे ते ठरवते कोण?

टिप्परवाला_डिचोली
दर ते ठरवतात. त्यावरही आम्ही भांडलोय. पण अंगणात उभ्या टिप्परला दर विचारून काय उपयोग?

म्हापशाचा_शुक्रवार
सगळे निराशेचेच सूर. नायलॉन 6,6 चा प्रकल्प केरीच्या लोकांनी घालवला. 2007 मध्ये जमीन वापराचा ‘प्रादेशिक आराखडा 2011’ लोकांच्या रेट्याने रद्द झाला, त्याच वर्षअखेरीस सेझ (विशेष आर्थिक क्षेत्रे) गुंडाळावे लागले. मेळावलीच्या बायका चिखलात उभ्या राहिल्या आणि 2021 मध्ये आयआयटीचा प्रकल्प तिथून हलला. यातल्या कुणाकडे 47 कोटी होते?

मुंडकाराची_लेक
नव्हते. म्हणूनच दर खेपेला अंगावर घ्यावे लागले. केरीच्या आंदोलनात एक तरुण पोलिसांच्या गोळीने गेला, हे का वगळलेत? आणि हे सगळे विजय ‘नको’ म्हणण्याचे आहेत. जमीन ‘सेटलमेंट’मध्ये, म्हणजे बांधकामाच्या क्षेत्रात, घालायला कुणाला चिखलात उभे राहावे लागत नाही. 2023 मध्ये नगरनियोजन कायद्यात 17(2) कलम आले. म्हणे आराखड्यातल्या अनवधानाने झालेल्या चुका दुरुस्त करायच्या. शेतजमीन शेतजमीन म्हणून दाखवली, ही चूक! मार्च 2025 मध्ये उच्च न्यायालयाने त्याखालचे नियम रद्द केले, पण तोवर किती गावांना आपल्या डोंगराचा रंग नकाशात बदलल्याचा पत्तासुद्धा नव्हता. अर्ज करणाऱ्याला मात्र पहिल्या दिवसापासून होता.

पोफळीची_बाग
आणि शुक्रवारसाहेब, तुमच्या शिक्क्याचे पुढे काय होते तेही सांगा. 2019 मध्ये काँग्रेसच्या 15 पैकी 10 आमदार भाजपमध्ये गेले. 2022 मध्ये उमेदवारांनी देवळात, क्रुसाकडे आणि दर्ग्यात पक्ष सोडणार नाही अशा शपथा घेतल्या, आणि सप्टेंबरात 11 पैकी 8 गेले. पक्षांतरबंदी कायद्यातून सुटायला दोन तृतीयांश आमदार लागतात. पंधराचे दोन तृतीयांश दहा. अकराचे सातहून थोडे जास्त, म्हणजे आठ. दोन्ही वेळा नेमका कायद्याला लागतो तेवढाच आकडा, एकही जास्त नाही. कुणी काय घेतले-दिले याचा माझ्याकडे पुरावा नाही, म्हणून तसे म्हणतही नाही. पण मोठ्या राज्यात दोन तृतीयांश जमवायला पन्नास-साठ माणसे वळवावी लागतात. इथे आठ, म्हणजे एका दिवाणखान्यात मावतील एवढी.

जुना_मास्तर
शपथेचे ऐकून वाईट वाटले होते, देवासमोर घेतलेली. तरीही ताई, पुढच्या निवडणुकीत आम्ही त्यांतल्या कुणाला पाडले तर तुमचा यादीचा सिद्धांत पडतो की नाही?

पोफळीची_बाग
पाडून त्याच्या जागी कोण येतो यावर ते अवलंबून, मास्तर.

मुंडकाराची_लेक
ते होईल तेव्हा होवो. येत्या रविवारी आमच्या ग्रामसभेत डोंगराच्या उतारावरच्या भूरूपांतराचा विषय आहे. ज्यांचे सर्व्हे नंबर ओहोळाच्या बाजूचे आहेत त्यांनी एक-चौदाचा (जमीन नोंदीचा) उतारा घेऊन या, झेरॉक्स चालेल. गेल्या वेळी गणपूर्ती झाली नाही म्हणून सभा तहकूब झाली, आणि त्या दिवशी कंपनीचा माणूस पहिल्या रांगेत वेळेवर हजर होता. टिप्परवाले भाऊ, आमचा गाव तुमच्या शेजारीच आहे, याल?

टिप्परवाला_डिचोली
येतो. पण खाणींबद्दल माझे मत बदललेले नाही, हे आधीच सांगतो.