कुंदा आठ दिवस झालं काही खाईना (क्रेस्टेड गेको, बेळगाव)

शहापूरची_आई | सोमवार, रात्री ९.५०

नमस्कार. मी बेळगावातनं, शहापुरातनं लिहायलेय. माझ्या लेकीचा क्रेस्टेड गेको, म्हणजे एक परदेशी पाल आहे, तीन वर्षांचा नर. नाव कुंदा. आपल्याकडचा कुंदा असतो ना, दूध आटवून खरपूस केलेला, अगदी तो रंग, म्हणून लेकीनं ते नाव ठेवलं. जानेवारीत ती नोकरीला पुण्याला गेली. तिथं घरमालक प्राणी ठेवू देत नाहीत, म्हणून कुंदा माझ्याजवळ राहिला.

आठ दिवस झालं त्यानं वाटीला तोंड लावलेलं नाही. लेकीनं शिकवल्याप्रमाणं गेकोची पावडर एक चमचा, पाणी दोन चमचे, असं कालवून संध्याकाळी ठेवते. सकाळी बघावं तर तशीच्या तशी, वर पापुद्रा धरलेली. मधी आंबा आला बाजारात, म्हणून हापूसचा रस बोटभर दिला. चाटला. दुसऱ्या दिवशी परत दिला, परत चाटला. त्यानंतर पावडर नको म्हणायला लागला, आणि आता आंबाही नको. काल मध लावून बघितला, तोंड फिरवलं.

आधी मीच त्याच्या जवळ जात नव्हते. सासूबाई तर "घरात पाल पाळायची?" म्हणून त्या खोलीत पाऊल टाकत नव्हत्या. शेजारच्या अक्का अजून "हल्ली, हल्ली" (कानडीत पाल) करत उंबऱ्यातनंच बोलतात. खरं तीन महिन्यांत जीव लागलाय. रात्री दिवा मालवला की तो काचेवर यायचा, हात आत घातला की बोटावर चढायचा, जिभेनं स्वतःचाच डोळा पुसायचा. आता दिवसरात्र तळाला, करवंटीच्या आडोशाला पडून असतो.

गल्लीतल्या जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, म्हशीचं, कुत्र्याचं विचारा, याचं मला सांगता येणार नाही. लेकीला अजून सगळं सांगितलेलं नाही, नवीन नोकरी आहे, तिकडं रडत बसेल. कुणी पाळले असतील तर सांगा.

निपाणीचा_संतोष | सोमवार, रात्री १०.१५

काकू, माझ्याकडं लव्हबर्ड आहेत, गेको नाही. पक्षी मलूल झाला की आम्ही ग्लुकोजचं पाणी सिरिंजनं तोंडात सोडतो. तसं करून बघा. नाहीतर ट्यूबलाईटखाली किडे येत्यात ते पकडून सोडा, हलणारं दिसलं की खाईल.

जांबोटीकर | सोमवार, रात्री ११.३०

संतोषदादा, मनापासून सांगितलंत, खरं या दोन्ही गोष्टी काकूंनी करू नयेत. सिरिंजनं जबरदस्ती केली तर पाणी श्वासनलिकेत जातं, आणि घाबरून तो शेपूट टाकतो. क्रेस्टेड गेकोची शेपूट एकदा गेली की परत येत नाही, आपल्या घरातल्या पालीसारखं नाही ते. बाहेरचे किडे तर नकोच. आपल्याकडं ऊस, भाजीपाला, सगळीकडं फवारणी. आणि आता वळीव झाला की आमच्या जांबोटी भागात काजवे दिसायला लागतील. काही जातींच्या काजव्यात सरड्या-पालींना मारणारं विष असतं, एकसुद्धा पोटात जाता कामा नये.

काकू, मला एवढं कळवा:

पेटी ठेवली आहे त्या खोलीत दुपारी दोनला आणि रात्री दहाला किती अंश असतं? अंदाज नको, आकडा. थर्मामीटर पेटीच्या आत, वरच्या बाजूला ठेवून बघा.

वजन किती? आधीचं कुठं लिहिलेलं आहे का?

गेल्या महिन्याभरात जागा, पावडर, वाटी, काही बदललं का?

शहापूरची_आई | मंगळवार, रात्री १०.२०

दादा, तुम्ही विचारलं म्हणून आज दिवसभर वही घेऊन बसले.

दुपारी दोनला ३३. रात्री दहाला २९.

वजन लेकीच्या वहीत जानेवारीचं आहे, ४३ ग्रॅम. आमच्या घरच्या काट्यावर एवढं बारीक कळत नाही, म्हणून झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात घालून गल्लीतल्या सोनाराकडं गेले. ते आधी दचकले, खरं मग स्वतःच रिकामा डबा वजा करून दोनदा मोजून दिलं. ३८.१ ग्रॅम.

बदल म्हणाल तर जागा बदलली आहे. मागची खोली कौलारू आहे. पावसाआधी कौलं चाळायला माणसं आली, सगळी धूळ पडायला लागली, म्हणून शिमगा झाल्यावर पेटी पुढं आणली. पुढच्या सोप्यात आमचे दोन माग आहेत, त्याला लागून पत्र्याची खोली आहे, तिथं टेबलावर ठेवली. कौलं होऊन पंधरा दिवस झाले, खरं पेटी परत नेलेली नाही, तिथंच येता-जाता दिसते म्हणून.

पावडर तीच, डबा नवीन. गॅसच्या वरच्या फळीवर असतो.

जांबोटीकर | मंगळवार, रात्री ११.०५

काकू, कारण तुमच्या वहीतच आलं बघा. तो तापलाय.

हा प्राणी न्यू कॅलेडोनियाचा. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला, पॅसिफिकमधली फ्रान्सच्या ताब्यातली बेटं. तिथल्या दमट जंगलात झाडांवर राहतो. नामशेष झाला असंच लोक धरून चालले होते, १९९४ साली परत सापडला. त्याला २२ ते २६ अंश मानवतं. २८ च्या वर त्याला त्रास होतो, आणि ३० च्या वर राहिला तर जीव जाऊ शकतो. लोक पाल म्हटलं की ऊब पाहिजे समजून बल्ब लावतात, आणि याच्या बाबतीत तेच उलटं होतं. आपलं बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर, म्हणून एरवी याला इथली हवा छान सोसते. एप्रिल तेवढा काढायचा असतो. बाहेर रात्री गार होतं, खरं पत्रा आणि माग या दोन्हींच्या मधल्या खोलीत तो गारवा शिरतच नसणार. वर मागाची धडधड. ती टेबलातनं पेटीत उतरते आणि तो दिवसा झोपणारा प्राणी.

मी हे पुस्तकी सांगत नाही. २०१९ च्या मे महिन्यात माझी पहिली मादी अशीच गेली. मी दोन दिवस लग्नाला गेलो होतो, खिडक्या बंद, खोली तापली. तीसुद्धा आधी आठवडाभर खात नव्हती आणि मी चवीचा प्रश्न समजून रोज वेगळं फळ कापून देत होतो. म्हणून तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही.

आजच पेटी हलवा. जुन्या घराला माजघर असेलच, जाड भिंतीचं. तिथं जमिनीलगत, भिंतीच्या कडेला ठेवा, माग चालू असताना पेटीच्या काचेला हात लावून बघा, धडधड लागते का. दुपारी बाटलीत पाणी गोठवून, ओल्या फडक्यात गुंडाळून पेटीच्या जाळीच्या झाकणावर एका कोपऱ्यात ठेवा, म्हणजे त्याला गार बाजू आणि साधी बाजू दोन्ही राहतील. आत बर्फ नको, फ्रीजमध्ये तर मुळीच नको. पंखा थेट पेटीवर सोडू नका, आतलं सगळं वाळतं. संध्याकाळी पानांवर, काचेवर पाणी फवारा. तो वाटीतनं पाणी कमी पितो, पानावरचे थेंब चाटतो. सकाळपर्यंत आतलं वाळलं पाहिजे, सतत चिकचिक राहिली तर बुरशी येते.

आंबा बंद. विष नाही तो, खरं गोड लागला की पावडर सोडतात, आणि आंब्यात, केळ्यात कॅल्शियम अगदीच कमी. मधात तर नुसती साखर. कॅल्शियम कमी पडलं की जबडा मऊ होतो, शेपूट वाकडी होते. पावडरमध्ये सगळं मोजून घातलेलं असतं. गॅसवरच्या फळीवरचा डबा मात्र आता विश्वासाचा नाही, उष्णतेनं पावडर खराब होते. नवीन मागवा आणि फ्रीजमध्ये ठेवा.

आणखी एक, तुमच्या मनाला जरा आधार म्हणून. हे गेको खातात ते फार थोडं. वाटी भरलेली दिसते आणि त्यानं चार जिभा मारलेल्या असतात. कालवण चमच्याच्या पाठीनं अगदी सपाट करून ठेवा. सकाळी उजेड तिरका धरून बघा, जीभ लागली असेल तर खड्डे दिसतात. तशीच दुसरी वाटी पेटीच्या बाहेर ठेवा, म्हणजे वाळून किती कमी झालं आणि खाल्लं किती ते कळेल. वाटी जमिनीवर नको, फांदीच्या उंचीला बांधा. आणि आठवडाभर हातात घेऊ नका. वजनापुरतं तेवढं.

कोल्हापूर_पशुवैद्यक_विद्यार्थिनी | बुधवार, सकाळी ७.१०

काकू, जांबोटीकर दादांनी सांगितलेलं बरोबर आहे, त्यात माझी थोडी भर. ४३ वरून ३८.१ म्हणजे ११ टक्क्यांहून जास्त घट. दहा टक्क्यांच्या पुढं गेलं की मी नुसती वाट बघायला सांगणार नाही. जागा बदला, पण सोबत तपासणीही करून घ्या.

हात न लावता एवढं बघा. डोळे खोल गेलेत का? कातडी चिमटीत धरल्यासारखी सुरकुतलेली दिसते का? तोंडाच्या कडेला चिकट लाळ, सूज, पिवळं काही? बोटांवर, शेपटीच्या टोकाला जुनी कात अडकली आहे का? ती आवळून बोट सडतं. पोटाच्या खाली कुठं टणक फुगवटा? कात टाकायच्या आधी दोन-तीन दिवस न खाणं साधं असतं, रंग फिका पडतो तेव्हा, पण आठ दिवस त्यात बसत नाहीत.

शी झाली तर टाकू नका. काळपट भाग आणि पांढरा भाग असतो. पांढरा भाग पिवळा, खडबडीत असेल तर पाणी कमी पडलंय. ताजी शी स्वच्छ डबीत घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, गोठवू नका, आणि २४ तासांच्या आत तपासायला मिळाली तर जंत आहेत का ते सूक्ष्मदर्शकात कळतं. ही तपासणी कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यातही होते, गेकोचा अनुभव नसला तरी. जंताचं औषध मात्र अंदाजानं कुणाकडूनही घेऊ नका, एवढ्या छोट्या जीवाला थेंबाचा फरक पडतो.

तोंड उघडं ठेवून श्वास घ्यायला लागला, किंवा अंग टाकलं, तर माझ्या उत्तराची वाट बघू नका, कोल्हापूर किंवा पुण्याला गाठा.

निपाणीचा_संतोष | बुधवार, सकाळी ८.३०

मला हे ठाऊक नव्हतं. बरं झालं लगेच सांगितलंत. काकू, निपाणीवरनं कोल्हापूरला रोज जाणं असतं माझं, काही पोचवायचं असेल तर सांगा.

शहापूरची_आई | पुढचा मंगळवार, रात्री ९.३०

सगळ्यांना सांगायचं होतं, खरं खात्री झाल्याशिवाय लिहू नये म्हणून थांबले.

त्याच रात्री साडेअकराला पेटी उचलून माजघरात आणली, देव्हाऱ्याच्या पलीकडच्या कोपऱ्यात. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला सासूबाई. होय, त्याच. म्हणाल्या, मुका जीव उष्म्यानं तळमळतोय तर आता पाल कसली नि काय. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला २७ होतं, बाटली ठेवल्यावर २५ च्या आत आलं. माग चालू असताना काच हलत नाही, हात लावून बघितलं. डोळे खोल नव्हते. मागच्या डाव्या पायाच्या दोन बोटांना कात अडकलेली होती. कोल्हापूरच्या ताईंनी नंतर वेगळ्या निरोपात सांगितलं तसं ओल्या कापडाच्या डबीत पंधरा मिनिटं ठेवल्यावर एका बोटाची आपोआप सुटली, दुसऱ्याची कापसानं हलकेच निघाली. बोटं शाबूत आहेत.

बुधवार, गुरुवार वाटी सपाटच. गुरुवारी रात्री मी पेटीसमोर बसून होते, बारापर्यंत. शुक्रवारी संध्याकाळी वळीव आला, गारांचा, पत्रा असा वाजत होता की आम्हाला एकमेकांचं ऐकू येईना. दिवे गेले. माजघरात २३ अंश झालं. मी काही कंदील लावला नाही, अंधारच ठेवला.

शनिवारी सकाळी बॅटरी तिरकी धरून बघितलं तर कडेला दोन खड्डे होते. नखाएवढे. बाहेरच्या वाटीत खड्डे नव्हते. मी सासूबाईंना हाक मारली, त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाल्या, "जिभेचेच."

रविवारी चार खड्डे. काल अर्धी वाटी, नवीन पावडरची. आज सोनाराकडं गेले तर त्यांनीच विचारलं, काय म्हणतोय पाहुणा. ३८.७ ग्रॅम. तेवढंच, खरं काटा वरच्या बाजूला सरकला.

आज संध्याकाळी शीही झाली. पांढरा भाग पांढराच आहे. डबीत घालून फ्रीजमध्ये ठेवलीय. संतोष, उद्या सकाळी माझा भाचा पहिल्या गाडीनं निपाणीला येतोय, स्टँडवर तुमच्या हातात देईल. ताई, तुम्ही निरोपात तुमच्या कॉलेजच्या सरांना दाखवते म्हणालात, तर डबीवर वेळ लिहिलीय, संध्याकाळी ५.२०.

लेकीला आज सगळं सांगितलं. रडली नाही. कात अडकलेल्या बोटांचा फोटो मागितला आणि आकडे रोज पाठव म्हणाली. वहीत तिच्या जानेवारीच्या ओळीखालीच मी माझ्या लिहायलेय.

दादा, एक विचारायचं राहिलं. जून लागला की आमच्याकडं भिंतीला ओल येते, माजघरात तर जास्तच. तेव्हा फवारणी किती कमी करू?