शब्दचर्चा: ‘रेल्वेची सवलत’ म्हणजे अर्धं तिकीट का?

मुद्रितबाई
इतिहासाच्या एका पुस्तकाचा अनुवाद तपासायला आलाय. त्यात वाक्य आहे: ‘१९०३ मध्ये जर्मनीला बगदाद रेल्वेची सवलत मिळाली.’ वाचलं आणि डोळ्यांपुढे जर्मन सम्राट कैसर विल्हेल्म उभा राहिला, कॉलेजच्या खिडकीशी, पासाचा फॉर्म हातात घेऊन. मुंबईत वाढलेल्या माणसाला ‘रेल्वे’ आणि ‘कन्सेशन’ शेजारी दिसले की दुसरं काही सुचतच नाही. अनुवादकालाही फार बोलता येत नाही, कारण मूळ इंग्रजी शब्द ‘कन्सेशन’, आणि कोशात त्याचा पहिला अर्थ सवलतच सापडतो. पुढे त्याच प्रकरणात ‘तिएनत्सिनमधली जर्मन सवलत’ आहे, आणि ती तर चीनमधल्या त्या शहरातली रस्ते-बंगल्यांची अख्खी वस्ती! एकाच शब्दाच्या पोटात तीन अर्थ. बगदादसाठी ‘मक्ता’ लिहिलं तर चालेल?

जुनीबखर
चालेल काय, शोभेल. मक्ता हा त्याच घराण्यातला शब्द आहे. अरबी ‘मुकाताआ’, मूळ धातू ‘कापणे’: आधीच कापून ठरवलेली रक्कम. ऑटोमन, म्हणजे तुर्की सुलतानाच्या, दफ्तरात ‘मुकाता’ म्हणजे इजाऱ्याने द्यायची सरकारी उत्पन्नाची बाब, मग ती जकात असो, मिठागर असो की खाण. आपल्याकडे तो फारसी दफ्तरांतून आला आणि दारूच्या मक्त्यापासून आमराईच्या मक्त्यापर्यंत सगळीकडे बसला.

एक गंमत मात्र आहे. रेल्वेच्या परवानगीसाठी खुद्द ऑटोमन हा शब्द वापरत नसत, ते म्हणत ‘इम्तियाज’. विशेष मान, विशेष हक्क. मराठीत आता तो फक्त माणसाचं नाव म्हणून उरलाय. आणि परकी व्यापाऱ्यांना करात सूट, त्यांचे खटले त्यांच्याच वकिलातीच्या कोर्टात, ही जी जुनी तहाची कलमं होती, त्यांनाही इम्तियाजच म्हणत. म्हणजे रेल्वे आली तीसुद्धा त्याच कप्प्यात पडली.

ओव्हरसियर
बखरकाका, शब्द सुरेख, पण हिशेब उलटा लागतोय. मक्त्यात पैसा कोणाकडून कोणाकडे जातो? मक्तेदार सरकारला ठरलेली रक्कम भरतो आणि वरचं स्वतः खातो. बगदादच्या करारात सरकारच कंपनीला देत होतं.

१८८८ मध्ये जर्मनीच्या डॉइच बँकेच्या गटाला अनातोलियाची लाइन मिळाली. इस्तंबूलसमोरच्या हैदरपाशाहून इझमितपर्यंतचा रूळ आधीच होता, तो अंगोऱ्याला (आजच्या अंकाराला) न्यायचा होता. १८९२ मध्ये गाडी तिथे पोचली, १८९६ मध्ये कोन्याला. मग ५ मार्च १९०३ चा बगदादचा पक्का करार, मुदत ९९ वर्षं. त्यात ‘किलोमीटर हमी’ होती: दर किलोमीटरमागे वर्षाला ११,००० फ्रँक बांधणीच्या कर्जरोख्यांपोटी, आणि चालवण्याच्या खर्चासाठी ४,५०० फ्रँकपर्यंत उत्पन्नाची खात्री. गाडी रिकामी धावली तरी कंपनीचं काही बिघडत नाही! किलोमीटर वाढावेत म्हणून रूळ मुद्दाम वळवतात, अशी कुजबुज तेव्हाही होती. पैसा कुठून, तर जिल्ह्यांच्या धान्यवसुलीतून, आणि अशा वसुलीवर १८८१ पासून युरोपी सावकारांचं सार्वजनिक कर्ज मंडळ बसलेलं. शिवाय रुळाच्या दोन्ही बाजूंना २० किलोमीटरपर्यंतच्या खाणींचा हक्क.

आपल्याला हे नवं नाही. जीआयपीचा (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा) १८४९ चा करार आठवा: जमीन फुकट, भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी, मुदत ९९ वर्षं. फक्त आपल्याकडे हमी देणारा आणि घेणारा एकाच गावचे, लंडनचे. भरणारा तेवढा इथला.

तर मक्ता नाही. ठेकाही नाही, कारण ठेकेदार काम करून निघून जातो.

जुनीबखर
पटलं. उलटा वाहणारा मक्ता म्हणजे मक्ता नव्हेच. मग ‘कौल’ बघा. देवाचा किंवा मतदारांचा नाही, जुना, दफ्तरातला. ओसाड गाव किंवा नवी पेठ वसवायची असली की सरकार कौल देई: इतकी वर्षं सारा माफ, मग इस्ताव्याने थोडाथोडा वाढवायचा, जकात नाही, या आणि वसा. सरकार आपलं उत्पन्न सोडतं ते नवं काहीतरी उभं राहावं म्हणून. सुलतान अब्दुल हमीदला तेच हवं होतं. लाइन झाली की फौज लवकर हलेल आणि दूरच्या सुभ्यांचा सारा हातात येईल.

अडचण एवढीच की कौल देणारा वरचढ असतो आणि घेणारा पदर पसरून येतो. इथे घेणाऱ्याच्या मागे कैसर उभा. १८८९ मध्ये आणि पुन्हा १८९८ मध्ये तो स्वतः इस्तंबूलला पाहुणा म्हणून आला होता. असल्या पाहुण्याला आपण कौल ‘दिला’ असं म्हणायचं की नाही, कोण जाणे.

आखातवासी
मी कुवेतला असतो, म्हणून लिहितो. तुम्ही सगळे देण्याचा शब्द शोधताय. त्या काळातला निम्मा मुत्सद्दीपणा ‘न देण्याचा’ होता, त्याला काय म्हणाल?

२३ जानेवारी १८९९ रोजी कुवेतच्या शेख मुबारकने इंग्रजांशी गुप्त करार केला: त्यांच्या संमतीशिवाय कुवेतची जमीन दुसऱ्या कोणाला विकणार नाही, भाड्याने देणार नाही, गहाण टाकणार नाही. बदल्यात १५,००० रुपये. हो, रुपयेच. इथे रुपया १९६१ पर्यंत चालला, आणि आखाताचा कारभार हिंदुस्थान सरकार बघत असे. तिथल्या व्हाइसरॉयच्या खुर्चीवर नुकताच कर्झन येऊन बसला होता. पुढच्याच वर्षी जर्मन पथक रेल्वेच्या शेवटच्या स्टेशनासाठी जागा बघायला आलं आणि हात हलवत परत गेलं.

इराणात तर कमालच. १८७२ मध्ये शहाने बातम्यांवाल्या रॉयटरला रेल्वे, खाणी, कालवे असं बरंच काही ७० वर्षांसाठी देऊन टाकलं आणि पुढच्याच वर्षी मोडलं. पुढे १८९० मध्ये रशियाने त्याच शहाकडून लिहून घेतलं की दहा वर्षं देशात रेल्वेच बांधायची नाही! काळ्या समुद्राच्या बाजूलाही तसंच: १९०० मध्ये सुलतानाने कबूल केलं की तिकडची रेल्वे एकतर आम्ही स्वतः बांधू, नाहीतर रशियन बांधतील.

१९०३ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान बाल्फोरचं मंत्रिमंडळ बगदाद लाइनीत भांडवल घालायला जवळजवळ तयार होतं. लंडनच्या वर्तमानपत्रांनी एप्रिलमध्ये असा गदारोळ केला की माघार घ्यावी लागली. मग एकेकाची समजूत काढणं सुरू: १९११ मध्ये रशियाशी मिटलं, १५ जून १९१४ रोजी इंग्रजांशी मसुदा ठरला की रूळ बसऱ्याला थांबेल, आखाताला टेकणार नाही. दोन महिन्यांच्या आत महायुद्ध लागलं आणि तो मसुदा तसाच राहिला.

‘नाकारणीचा कौल’ म्हणा हवं तर.

ओव्हरसियर
युद्धाचं निघालं म्हणून, थोडं अवांतर. २९ एप्रिल १९१६ रोजी आजच्या इराकमधल्या कुत-अल-अमाराला इंग्रजांच्या हिंदी फौजेची सहावी पूना डिव्हिजन तुर्कांना शरण गेली. त्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. तिथून पकडलेल्या हिंदी शिपायांना रास-अल-ऐनला याच बगदाद लाइनीच्या कामावर लावलं. इम्तियाज जर्मनांचा, हमी तुर्कांची, आणि रुळावर घाम आपल्या लोकांचा. अनुवादात याची तळटीप असेल तर बघा, नसेल तर सुचवा.

तिठा
चीनकडे कोणी वळलंच नाही. शब्दचर्चाच करायची तर तिथे एका शब्दावरून खरोखर भांडण झालंय.

१८९६ मध्ये चिनी मुत्सद्दी ली होंगचांगने रशियाशी गुप्त तह केला आणि मांचुरियातून चिनी पूर्व रेल्वेचा करार झाला. ८० वर्षांनी लाइन चीनला फुकट परत, ३६ वर्षांनी हवी तर विकत. रूळ रशियन मापाचे, पाच फुटी, म्हणजे चीनच्या इतर लाइनींवरचा डबा तिथे चालणारच नाही. कराराच्या सहाव्या कलमात रेल्वेच्या जमिनीबद्दल फ्रेंच मजकुरात म्हटलं होतं की तिथलं ‘प्रशासन’ पूर्णपणे आणि फक्त कंपनीचं. चिनी मजकुरात मात्र कंपनीने ‘एकहाती व्यवस्था बघायची’, एवढंच. रशियाने फ्रेंच शब्द धरला, लाइनीवरच्या हार्बिन शहरात पोलीस बसवले, नगरपालिका काढली, कर लावले. चीन म्हणत राहिला, आम्ही गोदामं आणि स्टेशनं सांभाळायला दिली होती, शहर नव्हे. मराठीत हा करार झाला असता तर आपण ‘कारभार’ लिहून मोकळे झालो असतो, आणि भांडण आणखी वाढलं असतं!

चिनी लोक या सगळ्याला ‘लीछ्वान’ म्हणत: ली म्हणजे नफा, छ्वान म्हणजे हक्क किंवा सत्ता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘लीछ्वान परत घ्या’ अशी चळवळच झाली. १९११ च्या मे महिन्यात सरकारने मुख्य लाइनी ताब्यात घेतल्या आणि इंग्रज, फ्रेंच, जर्मन, अमेरिकन बँकांकडून त्यांच्यासाठी ६० लाख पौंडांचं कर्ज काढलं. सिच्वान प्रांतात लोकांनी या लाइनींत स्वतः पैसे घातले होते, ते भडकले. सप्टेंबरात छंगतूला गोळीबार, ऑक्टोबरात वूछांगचा उठाव, आणि चिंग बादशाही गेली. म्हणून मी ‘हक्क’ला मत देतो. ‘सवलत’ म्हटलं की देणारा उदार वाटतो.

मांडवी
आमच्या गोव्याचंही एक वाक्य घाला. १८७८ चा इंग्रज-पोर्तुगीज तह: मुरगाव बंदरातून कॅसलरॉकपर्यंत लाइन लंडनच्या कंपनीने बांधायची, तिला पोर्तुगालची हमी, आणि सोबत गोव्याच्या मिठावर ब्रिटिश नियंत्रण. वर्षाला चार लाख रुपये भरपाई. रेल्वे आली आणि मिठागरवाला बुडाला. जुनी माणसं याला ‘तह’च म्हणत, सवलत कोणी म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

मुद्रितबाई
सगळ्यांचे आभार. असं केलंय: पहिल्या उल्लेखाला ‘बगदादपर्यंत रेल्वे बांधून ९९ वर्षं चालवण्याचा हक्क, सुलतानाच्या हमीसह’. पुढे नुसतं ‘रेल्वेहक्क’. शब्द बोजड आहे, पण पैसे कोण देतंय ते पहिल्याच वाक्यात कळतं. सहाव्या कलमाला ‘प्रशासन’ आणि ‘व्यवस्था’ असे दोन्ही शब्द ठेवून कंसात खुलासा, ‘कारभार’ मुद्दाम टाळला. तिएनत्सिनची ‘जर्मन वसाहत’ झाली. मला ‘जर्मन पेठ’ आवडत होतं, संपादकांनी हसून खोडलं. कुतची तळटीप नव्हती, आता आहे.

आत्ता सातवं प्रकरण उघडलं. ‘स्फिअर ऑफ इन्फ्लुअन्स’चं तिथे ‘प्रभावाचा गोळा’ झालंय. उद्या नवा धागा काढते.