'डिस्गॉर्जमेंट'ला मराठीत काय म्हणायचं?

शहापूर, बेळगाव : टिळकवाडीत एका सीएंकडे कामाला आहे. सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या, एका आदेशाचं मराठी टिपण करायलोय आणि 'डिस्गॉर्जमेंट'पाशी गाडी अडलीय. 'दंड' लिहिलं, साहेबांनी लाल रेघ मारली. 'परतफेड' लिहिलं, परत लाल रेघ. आता काय लिहू?

खानापूर : साहेबांचं बरोबर आहे. परतफेड कर्जाची होते. आणि दंड म्हणजे शिक्षा, तो स्वतःच्या खिशातनं भरायचा. इथं आधी लबाडीनं मिळवलेला नफाच तेवढा काढून घेतात, वर व्याज. दंड झालाच तर तो वेगळा. पैशाची वाटही वेगळी बघा : सेबी कायद्याप्रमाणे दंड भारताच्या संचित निधीत जातो, डिस्गॉर्जमेंटची रक्कम गुंतवणूकदार संरक्षण व शिक्षण निधीत. एकच शब्द वापरलात तर वाचणाऱ्याला हे कळणारच नाही.

निपाणी : एवढं शोधताय कशाला? 'खाल्लेलं ओकायला लावणं' हा शब्द आपल्या घरातच आहे की! इंग्रजी शब्दातला 'गॉर्ज' म्हणजे तरी घसाच. आमच्या तंबाखूच्या वखारीत काटा मारणारा दलाल सापडला, की आजोबा कानडी शब्द घालून म्हणायचे, 'रोक्का कक्किसतो बघ.' कक्किसु म्हणजे ओकायला लावणे. तंतोतंत.

शहापूर, बेळगाव : अण्णा, टिपणात 'ओकायला लावणे' लिहिलं तर साहेब मलाच ऑफिसबाहेर ओकतील.

बेळगाव, कॅम्प : वकील आहे, म्हणून थोडा खोडा घालतो. 'दंड नव्हे' हे इतकं सरळ नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये कोकेश खटल्यात, दावा लावायच्या पाच वर्षांच्या मुदतीपुरता का होईना, हा दंडच धरला. मग २०२० मध्ये ल्यू खटल्यात सांगितलं, की वसुली निव्वळ नफ्याच्या वर जाता कामा नये. रास्त खर्च वजा करा. म्हणजे निपाणीकरांचंच : खाल्लं तेवढंच ओकायचं.

शहापूर, बेळगाव : आणि 'इम्पाउंड'? जेन स्ट्रीट या अमेरिकन ट्रेडिंग कंपनीवर ३ जुलै २०२५ ला सेबीचा अंतरिम आदेश आला तेव्हा आमच्या ऑफिसात सगळे '४,८४३ कोटींचा दंड' म्हणत होते.

खानापूर : दंड कुठला! इम्पाउंड म्हणजे कोंडवाडा. ढोर कोंडवाड्यात घातलं म्हणून ते सरकारचं होत नाही. कुणाचं पीक किती खाल्लं ते अजून ठरायचंय. तसे पैसे निकालापर्यंत अडकवून ठेवायचे. 'जप्ती' लिहू नका, तो शब्द ऐकला की लोकांना दारात बँकेची जीप दिसते. टिपणात 'रक्कम अडकवून ठेवणे' आणि 'गैरनफा वसुली' लिहा.

शहापूर, बेळगाव : दोन्ही पास झाले. साहेब कन्नड आहेत, त्यांना 'कक्किसु' सांगितलं तर खो खो हसले. शेवटी 'गैरनफा वसुली'च्या शेजारी समासात पेन्सिलीनं त्यांनीच तो शब्द कानडीत लिहून ठेवलाय.